हिरव्या रंगावरचा ठपका

धुळ्यात आजही काही जुनी माणसं भेटतील, जी माझं नाव निघताच सांगतील, "तो ना? त्याने लॅबला भेसळीचा रंग दिला होता." सांगणाऱ्यांपैकी कुणीही तो रंग पाहिलेला नाही. निम्म्यांना तो कोणता रंग होता हेही माहीत नाही. तो हिरवा होता आणि शुद्ध होता. एवढं एक वाक्य कुठेतरी छापून यावं म्हणून मी बरीच वर्षं थांबलो आहे. ज्या बाईसाठी थांबलो ती अक्का गेल्या हिवाळ्यात वारली, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. तिच्या मुलाचं नाव मी बदललं आहे. गावाचं नाव लिहिलेलंच नाही.

माझा धंदा प्रयोगशाळांना माल पुरवण्याचा होता. काचनळ्या, चंचुपात्रं, आम्लं, रंग, गाळणकागद. पहूरहून धुळ्याला आलो तेव्हा माझ्याकडे एक सायकल होती आणि भांडायची तयारी होती. दुसरी गोष्ट जास्त उपयोगी पडली. सुरुवात शाळांपासून केली. शिंदखेडा तालुक्यातल्या एका मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेच्या नावाखाली गंधकाम्ल मागवलं आणि त्याने संडास धुतला. फरशीची चाळण झाली. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि आम्ल फार जहाल आहे अशी तक्रार केली. मी म्हणालो, "सर, पुढच्या वेळी गरीब स्वभावाचं आणतो." त्या शाळेचं काम गेलं. अशी बरीच कामं मी तोंडाने घालवली. मालाने एकही घालवलं नाही. भावात मी हटायचो नाही, ओरडायचो, बाटली परत पिशवीत घालायचो, पण बाटलीवर जे लिहिलं असेल तेच बाटलीत असायचं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत धुळ्यातल्या एका संस्थेच्या प्रयोगशाळेचं काम मला मिळालं. तिथे क्षयाचे जंतू वाढवून बघत. औषध घेऊनही ज्यांचा खोकला जात नाही अशा रोग्यांचा बेडका तिथे यायचा. त्यातले जंतू नळीत वाढवायचे, आणि कोणत्या औषधाने ते मरतात, कोणत्या औषधाला दाद देत नाहीत ते पाहायचं. निकाल आला की डॉक्टर औषध बदलायचे. निकाल चुकला तर रोगी चुकीच्या गोळ्या गिळत राहायचा.

आता हा जंतू मोठा खोडील. इतर जंतू एका रात्रीत वाढतात, याला दीड-दोन महिने लागतात. आणि याला खायला लागतात अंडी. ताजी अंडी फेटायची, त्यात थोडे क्षार, ग्लिसरीन आणि चिमूटभर हिरवा रंग घालायचा, मिश्रण नळ्यांत भरून नळ्या आडव्या ठेवायच्या आणि हलक्या आचेवर घट्ट करायचं. दिसायला हिरवा खरवस. रंग अशासाठी, की भलत्या जंतूंनी तिथे मुक्काम करू नये. मात्र रंग जास्त पडला किंवा खराब निघाला तर क्षयाचे जंतूही वाढत नाहीत.

प्रयोगशाळेच्या प्रमुख एक डॉक्टर होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. उंच, कोरड्या बोलणाऱ्या, भावात घासाघीस न करणाऱ्या. घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाची मला भीती वाटते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "अंडीही तुम्हीच आणायची. पोल्ट्रीची चालणार नाहीत. पोल्ट्रीवाले खाद्यात औषधं घालतात, ती अंड्यात उतरतात आणि माझे जंतू मरतात. मला गावठी अंडी हवीत. जिला जन्मात औषध माहीत नाही अशा कोंबडीची."

आमच्या घरात अंडं येत नाही. बायकोने स्कूटरची डिकी ओसरीच्या अलीकडे आणायला बंदी केली. तरी मी हो म्हणालो. रंग, ग्लिसरीन, काच आणि अंडी, सगळं एकाच घरातून जात असेल तर दुसरा व्यापारी मध्ये शिरत नाही, हा माझा हिशेब होता. या हिशेबानेच पुढे माझा गळा धरला.

अंडी मिळाली ती शिंदखेड्याच्या वाटेवरच्या एका खेड्यात. अक्का विधवा बाई, थोडी कोरडवाहू जमीन, अंगणात कोंबड्या. घरात एक मुलगा, भिकन, ऐन विशीतला. आमची पहूरकडची बोली निराळी, पण धुळ्यात धंदा करायचा तर अहिराणी यावी लागते. मी ती भांडणातून शिकलो.

"अक्का, भाव जास्ती शे," मी म्हणालो. "गावमा दुसरास्कडे बी अंडा शेत."

"मंग त्यास्कडतीन लई जाय ना, भाऊ. मी काय तुना हात धरेल शे?"

मी पिशवी उचलून चालू लागलो. माझी ही युक्ती जळगावच्या घाऊक बाजारात मुरलेल्या माणसांवर चालते. अक्काने मागून हाकही मारली नाही. कोंबड्यांना दाणे टाकत राहिली. मी वेशीपर्यंत जाऊन परत आलो. तिने अंडी आधीच टोपलीत भरून ठेवली होती.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एका पावसाळ्यानंतर नळ्यांत जंतू उगवेनात. एका खेपेत नाही, पुढच्या दोन-तीन खेपांतही नाही. नमुने पाठवणारे डॉक्टर विचारू लागले. रोगी रस्त्यावर खोकत होते आणि प्रयोगशाळेच्या बहुतेक नळ्या स्वच्छ हिरव्या होत्या.

संस्थेच्या खरेदी समितीचे एक साहेब होते. मी भावात त्यांना एकदा चारचौघांत हरवलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी समितीत सांगितलं की पुरवठादाराने रंगात भेसळ केली आहे. मला बोलावलं तेव्हा सगळे आधीच माझ्याकडे मेलेल्या उंदराकडे पाहावं तसे पाहत होते.

"तुम्ही रंग कुठून घेता?"

"जळगावहून. सीलबंद."

"सील तर तुम्हालाही लावता येतं."

मी टेबलावर हात आपटला. त्यावर साहेबांचा चहा होता. पुढे काय काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. माझं काम चौकशी होईपर्यंत थांबवण्यात आलं. दुसऱ्या दिवशी जळगावला गेलो, घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर बसून त्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी त्याने त्याच खोक्यातली दुसरी सीलबंद बाटली माझ्यापुढे ठेवली. "तपासून आण. खोटी निघाली तर दुकानाच्या किल्ल्या तुझ्या."

बाटली घेऊन मी थेट मॅडमकडे गेलो. त्यांनी ती ठेवून घेतली. या बाटलीतला रंग आणि दोंडाईचाकडून मागवलेली दुसरी गावठी अंडी अशा नळ्या त्यांनी केल्या. दुसऱ्या बाजूला माझ्या जुन्या, बदनाम बाटलीतला रंग आणि तीच दोंडाईचाची अंडी. सगळीकडे ओळखीचे, जिवंत, हमखास वाढणारे जंतू पेरले. मग आम्ही वाट पाहिली. माझ्या स्वभावाला वाट पाहणं जमत नाही. पण क्षयाच्या जंतूला ओरडून काही फरक पडत नाही.

दोन्हीकडे जंतू वाढले. रंग सुटला.

"म्हणजे मी सुटलो," मी म्हणालो.

"रंग सुटला," मॅडम म्हणाल्या. "अंडी तुमचीच होती ना?"

मग त्यांनी मला अक्काच्या अंड्यांच्या जुन्या नळ्या दाखवल्या. त्यांत काही उगवलंच नव्हतं असं नव्हतं. एकीत बुरशी धरली होती. एकीत भलत्याच जंतूंनी खरवसाचं पाणी केलं होतं. बाकी सगळे मजेत होते, फक्त क्षयाचा जंतू मेला होता.

"पोल्ट्रीतलं औषध असतं तर इतर जंतूही मेले असते," त्या म्हणाल्या. "हे औषध फक्त एकालाच मारतंय. असं एकच औषध मला आठवतं."

आणि त्यांनी मला जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. क्षयाच्या जंतूच्या अंगावर मेणाचा कोट असतो. पाणी, आम्ल, बरीचशी औषधं त्यावरून ओघळून जातात. म्हणून तो इतका चिवट. हे मेण म्हणजे खूप लांब साखळीची चरबी. एवढी लांब साखळी एकदम तयार होत नाही. जंतूच्या पोटात एन्झाइमं असतात, शाळेच्या पुस्तकात त्यांना विकरं म्हणतात. अंबाडीचा दोर वळणारा जसा पेड संपत आला की नवा पेड जोडून पुढे वळत जातो, तशी ही एन्झाइमं चरबीच्या साखळीला छोटे छोटे तुकडे जोडत जातात. साखळी पुरी लांब झाली की दुसरी एन्झाइमं ती कोटाला टाचतात. क्षयाची जी साधी पांढरी गोळी मिळते, आयसोनियाझिड, ती या जोडणाऱ्यांपैकी एकाच्या जागेवर जाऊन बसते. दोर तिथेच थांबतो. जुना कोट विरतो, नवा होत नाही, जंतू फुटतो. बुरशीला असला कोट नसतो, त्यामुळे तिला या गोळीचं काही सोयरसुतक नाही.

"पण ती गोळी पोटात गेली तेव्हा बंद असते," मॅडम म्हणाल्या. "जंतूचंच एक एन्झाइम तिला उघडतं. आपल्या हाताने आपलं मरण उघडतो तो. हे सगळं इतक्या बारकाईने आता आता परदेशात कळलंय."

"मूर्ख आहे," मी म्हणालो.

"सगळे नसतात. रोग्याने गोळ्या अर्धवट घेतल्या की ज्यांच्याकडे ते उघडणारं एन्झाइम बिघडलेलं आहे तेच मागे उरतात, आणि त्यांचीच प्रजा वाढते. मग ती गोळी पोतंभर खाल्ली तरी उपयोग नाही." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या अंडीवालीच्या कोंबड्यांना क्षयाच्या गोळ्या कोण देतं?"

मी हसलो. "मॅडम, त्या गावात माणसांना गोळी मिळत नाही."

हसलो खरा, पण स्कूटर तशीच शिंदखेड्याच्या रस्त्याला लावली. वाटेत मी सगळं ठरवलं होतं. अक्काला धरून आणायची, समितीपुढे उभी करायची, साहेबांना तिच्या तोंडून ऐकवायचं आणि मग माझ्या नावाने माफी लिहून घ्यायची. माफीतली वाक्यंही तयार होती.

अंगणात गेलो तेव्हा अक्का बाजरीच्या पिठाच्या बारीक गोळ्या करून कोंबड्यांना टाकत होती. कोंबड्या ठणठणीत.

"काय भाऊ, इतलं तोंड लाल? बठ ना."

"तुन्या कोंबड्यास्ले काय खावाडस?"

"बाजरी. दुसरं काय?"

"औषध?"

ती मुळीच दचकली नाही. उलट तिला कुणीतरी हे विचारावं असं वाटत असावं. "औषध तं देसच. पावसाळामा मानमोडी उनी व्हती. शेजारनीन्या बठ्ठ्या मरी गयात. मन्या देख, एक मरनी नही."

"कोनतं औषध?"

"भिकननं. खोकलानंच शे ना? कोंबड्या बी खोकलत व्हत्या."

मी ओट्यावर बसलो. मानमोडीवर, कोंबड्यांच्या त्या साथीवर, क्षयाच्या गोळीचा काडीचा उपयोग नाही, पण कोंबड्या समोर हिंडत होत्या, त्यामुळे हा मुद्दा काढण्यात अर्थ नव्हता.

"आन् भिकन काय खास?"

"त्याले आते बरं शे. वजन भरनं, खोकला गया. सरकारी गोळ्या येतच राहतीस. चांगली गोळी शे, फेकी देऊ का?"

भिकन आतून आला. तो खोकत नव्हता. पण दोन पावलं चालून उंबऱ्याला टेकला, आणि मला नमस्कार करताना त्याचा श्वास मध्येच तुटला. अक्काने ते पाहिलं. मी पाहिलं. तिने पाहिलं की मी पाहिलं.

तो घरात गेल्यावर मी ठरवलेलं सगळं तिच्या अंगावर ओतलं. समिती, रंग, माझी बदनामी, माझं गेलेलं काम. तू उद्या धुळ्याला येऊन सांगायचं. ती ऐकत राहिली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली गेला.

"भाऊ, गावले ठावकं नही त्याले काय व्हयेल शे. समजनं तं मना घरनं पानी बी कोनी पेवाव नही. अंडा तं सोडीच दे. मंग आमी खावानं काय?"

ती रडली असती तर मी कदाचित आणखी ओरडलो असतो. ती रडली नाही. तिच्या हातातलं पीठ तसंच राहिलं होतं, कोंबड्या पायाशी गोळा होऊन माना वर करून उभ्या होत्या. माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. माझं नाव आणि तिच्या घरचं पाणी. दोन्ही एकाच वेळी वाचत नव्हती. साहेबांना नुसतं "अंडी खराब होती" सांगून भागलं नसतं. कुणाची, कशाने, सरकारी गोळ्या कोंबड्यांना कुणी दिल्या, हे सगळं निघालं असतं आणि गावात सरकारी जीप आली असती.

तेव्हा मी जे जमतं ते केलं. सौदा केला.

"मी तोंड उघडाव नही," मी म्हणालो. "पन भिकन उद्या मनासंगे धुळाले येई. पुन्हा तपासनी. आन् मंग एक गोळी बी कोंबडीना पोटमा गयी, तं मी समितीमा."

"तुले कसं समजई?"

"अंडा तं मीच लई जासू. अंडामा बठ्ठं दिसस."

"अंडं चुगली करस?"

"करस."

मी खोटं बोलतोय का हे ती जोखत होती. गंमत अशी की मी खोटं बोलत नव्हतो. "बरं," ती म्हणाली. "पन अंडास्ना भाव तोच राही." मी मान्य केलं. त्या दिवशी मला घासाघीस सुचली नाही.

मॅडमना मी सगळं सांगितलं आणि गप्प राहण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, "मग तुमच्या रंगाचं काय?" मी म्हणालो, "आधी पोराचं बघा."

भिकनचा बेडका त्यांनी दोन नळ्यांत पेरला. दोन्हीत दोंडाईचाची अंडी. एका नळीत मुद्दाम ती गोळी विरघळवलेली, दुसरीत नाही. दोन्हीत जंतू वाढले तर त्याच्या जंतूने गोळीचं कुलूप उघडायचं सोडून दिलं आहे, आणि मग आपल्या हातात फार काही नाही, असं मॅडमनी मला सांगितलं. अक्काला मी सांगितलं नाही. पुढचे आठवडे मी दुकानात गिऱ्हाइकांवर इतका ओरडलो की बायकोने मला चार दिवस पहूरला पाठवून दिलं. तिथे मी माझ्या भावावर ओरडलो.

मॅडमनी बोलावलं तेव्हा दोन्ही नळ्या खिडकीशी धरल्या. एकीत भाजलेल्या रव्यासारखे पिवळट, खरखरीत दाणे उगवले होते. दुसरी, गोळी घातलेली, स्वच्छ हिरवी होती. मी पुन्हा पाहिलं. माझा त्या हिरव्या रंगावर आयुष्यभर राग राहायला हवा होता. त्या दिवशी तो मला फार चांगला दिसला.

"अजून उघडतोय," मॅडम म्हणाल्या. "पहिल्यापासून पुन्हा सगळी औषधं. आता एक दिवसही चुकता कामा नये."

चुकला नाही. अक्का रोज सकाळी भिकनपुढे उभी राहायची आणि गोळी गिळल्यावर त्याला तोंड उघडून दाखवायला लावायची. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता, पण अंड्यावर बसला होता. मी दर महिन्याला तिची अंडी न्यायचो, मॅडम त्यांची एक नळी करायच्या, आणि त्या नळीत क्षयाचे जंतू खुशाल वाढायचे. जगात दुसऱ्या कुणाला ते वाढलेले पाहून इतकं बरं वाटलं असेल असं वाटत नाही.

इकडे समितीने चौकशी गुंडाळली. कारण लिहिलं नाही, माफी मागितली नाही, काम नाशिकच्या एका व्यापाऱ्याला दिलं. तो पोल्ट्रीची अंडी पाठवायचा. मॅडमनी आरडाओरडा केला असं ऐकलं. थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली. जाताना त्या दुकानात आल्या, एक थर्मामीटर विकत घेतला आणि पहिल्यांदाच भावात घासाघीस केली. मी मुद्दाम हरलो. त्यांना दुसरं काही द्यायला माझ्याकडे नव्हतं.

मला राग आहे. तो गेलेला नाही आणि जावा अशी माझी इच्छाही नाही. त्या एका कामामुळे धुळ्यातली आणखी कामं गेली. भेसळवाल्याला कोण विचारतो? मी पुन्हा शाळांकडे वळलो, गंधकाम्ल आणि गाळणकागद. साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या निरोप समारंभाचं आमंत्रण चुकून मला आलं. मी गेलो. जेवण चांगलं होतं.

काही वर्षांनी भिकन दुकानात आला. अंगाने भरलेला, मोटारसायकलवर, हातात स्वतःच्या लग्नाची पत्रिका. त्याने वाकून नमस्कार केला, स्टुलावर बसला, चहा घेतला. दुकानात इकडे तिकडे पाहिलं. मग जरा घुटमळत म्हणाला, "भाऊ, एक विचारू का? राग नका येऊ देऊ. लोक म्हणतात, तुम्ही लॅबला खराब माल दिला म्हणून तुमचं मोठं काम गेलं. खरं का?"

अक्काने त्याला काहीही सांगितलं नव्हतं. मुलाला सांगितलं की गावाला कळतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

तोंडाशी बरंच काही आलं होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं, क्रमवार लावलेलं. समोर तो बसला होता, स्वच्छ श्वास घेत, बशीतला चहा फुंकत.

"खरं शे," मी म्हणालो. "अंडी खराब निघाली."

"कोणाची?"

"आता लक्षात नाही," मी म्हणालो, आणि लग्न कोणत्या गावाला आहे ते विचारलं.